टाचेमागची नस दुखते: एमआरआयच्या आधी बोटांनी काय काय कळतं

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला. म्हणजे असं, तुमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एकाच आठवड्यात टाचेमागच्या दुखण्याचे दोन पेशंट आले. एक पोलीस भरतीची तयारी करून राहिलेला पोरगा, टाचेच्या तीन-चार बोटं वर दुखतं, सकाळी उठल्यावर जास्त. दुसरे ४४ वर्षांचे शेतकरी, धुऱ्यावरून नाली ओलांडायला उडी मारली आणि पाय मुरगळला म्हणतात, घोट्याच्या मागं सूज, एक्सरेत फ्रॅक्चर नाही, लंगडत लंगडत चालतात. एमआरआय म्हटलं की नागपूर नाहीतर अमरावती, इकडे कापसाची वेचणी सुरू, कोणी जायला तयार नाही. आणि तुमचं विचारणं असं की नुसत्या हातानं तपासून यातलं किती कळतं आणि त्यावर भरवसा ठेवायचा का.

ठेवायचा. वीस-बावीस वर्षं झाली तालुक्याच्या गावात हाडांचीच ओपीडी करून राहिलो, अकिलीस टेंडनसाठी, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणाऱ्या जाड दोरासाठी, ज्याला लोक नस म्हणतात, एमआरआय सांगावा लागला असे पेशंट मला आठवून आठवून मोजता येतील इतकेच आहेत.

पण बाकी वाचायच्या आधी एक काम करा. त्या शेतकरी काकांना फोन लावा, लागला नाही तर आशाताईला घरी पाठवा, आणि परत बोलवा. पालथं झोपवा, दोन्ही पावलं टेबलाच्या बाहेर लोंबकळू द्या, पॅन्ट गुडघ्याच्या वर घ्या आणि पोटरी दाबून पाहा. तुमच्या वर्णनात "उडी मारली" आणि "मागं सूज" हे दोन शब्द आहेत ना, ते मला बरे वाटत नाहीत. मुरगळलेल्या पायाची सूज बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, पुढून येते. मागून, टेंडनच्या दोन्ही बाजूचे खड्डे भरून सूज आली असेल तर नस तुटली असं धरूनच तपासायला बसायचं, नाही निघाली तर चांगलंच.

हे मी शहाणपणानं नाही, मार खाऊन सांगून राहिलो. नवीन नवीन मेडिकल ऑफिसर होतो तेव्हा झेडपीच्या शाळेतले एक गुरुजी आले होते, व्हॉलीबॉल खेळताना पाय गेला. ते म्हणाले, "सर, मांगून कोनं तरी गोटा मारला असं वाटलं, पलटून पायलं तं कोनीच नाई." आता हे वाक्य म्हणजे पुस्तकातलं निदान जसंच्या तसं, कुठल्याही देशातला पेशंट हेच सांगतो, कोणी लाथ म्हणतो, कोणी काठी म्हणतो, आपल्याकडे गोटा. मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांना टेबलावर बसवलं, पायानं माझा हात दाबा म्हटलं, त्यांनी दाबला, बोटंही हलवून दाखवली. मग काय, लिगामेंट ताणला लिहिलं, क्रेप बँडेज, दुखायची गोळी, आठ दिवस आराम. सात आठवड्यांनी आले ते दुखतं म्हणून नाही आले, "गाडीची किक बसत नाही" म्हणून आले. उजव्या पायावर जोरच नाही, जिना चढताना टाच खाली पडते, पोटरी पातळ झालेली. तोपर्यंत तुटलेली दोन टोकं दूर सरकली होती, वरचं टोक पोटरीत ओढलं गेलं होतं, आणि जे काम पहिल्या आठवड्यात सोपं होतं त्यासाठी पायाच्या अंगठ्याचा स्नायू उधार घेऊन मोठं ऑपरेशन करावं लागलं. गुरुजींनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. अजूनही रस्त्यात भेटले की नमस्कार आधी तेच करतात, आणि मला दर वेळी तो हात दाबायला सांगितलेला आठवतो.

चूक कुठं झाली ते नीट समजून घ्या, कारण हीच चूक सगळे करतात. बसल्या-बसल्या पाय खाली दाबायला एकटी अकिलीस लागत नाही. घोट्याच्या आतून टिबियालिस पोस्टिरियर जाते, बोटांच्या आणि अंगठ्याच्या फ्लेक्सर जातात, बाहेरून पेरोनियल जातात, हे सगळे स्नायू मिळून पाय खाली करतात, तुमच्या हाताला जोर लागल्यासारखाही वाटतो. पेशंट चालतोही. आणि पहिल्याच दिवसानंतर दुखणंही बरंच उतरतं, त्यामुळं त्यालाही वाटतं की सुधारलं. पहिल्या तपासणीत २० टक्क्यांहून जास्त फाटलेल्या अकिलीस सुटून जातात असं पुस्तकं सांगतात, आणि सुटण्याची कारणं बहुतेक हीच, चालतो, पाय हलवतो, एक्सरे साफ.

आता दाबायचं कसं. पेशंट पालथा, पावलं टेबलाबाहेर, आणि हात लावायच्या आधी अर्धा मिनिट नुसतं मागून उभं राहून पाहा. चांगल्या बाजूचं पाऊल थोडं खाली झुकलेलं, म्हणजे बोटं नडगीपासून दूर, तिरकी. तुटलेल्या बाजूचं पाऊल सरळ जमिनीकडं लटकतं, जणू त्याला वर धरणारा दोर कोणी कापला. कधी कधी इथंच निदान होऊन जातं. मग चांगली पोटरी आधी दाबा, म्हणजे पेशंटला भीती राहत नाही आणि तुम्हाला मोजमाप मिळतं. पोटरी जिथं सगळ्यात जाड आहे त्याच्या किंचित खाली पूर्ण पंज्यानं दोन्ही बाजूंनी धरायची आणि मधे दाबायची, चिमटा नाही काढायचा. नजर पोटरीवर ठेवू नका, तळपायावर ठेवा. टेंडन शाबूत असेल तर पाऊल खाली झुकतं, सोडलं की परत येतं. तुटलं असेल तर काहीच होत नाही, किंवा थोडं थरथरल्यासारखं होतं. ते थरथरणं म्हणजे "हललं" असं लिहू नका, दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. या टेस्टला कोणी थॉम्पसन म्हणतं कोणी सिमंड्स, सिमंड्सनं १९५७ साली लिहिली, थॉम्पसननं १९६२ साली, भांडण त्यांचं त्यांना लखलाभ.

टेबल नसेल तर अडत नाही. शाळेतल्या कॅम्पमध्ये मी खुर्ची वापरतो. पेशंटनं खुर्चीच्या पाठीकडं तोंड करून बसायच्या जागेवर दोन्ही गुडघे टेकवायचे, पाठ धरायची, पावलं मागं मोकळी. नऊवारीवाल्या आजीला टेबलावर पालथं व्हा म्हटलं तर ती ऐकत नाही, खुर्चीवर गुडघे टेकायला तयार होते. सिस्टरला सोबत उभं ठेवा, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायला आजीची परवानगी घ्या, पण कापडावरून पोटरी दाबून निदान करू नका, घडी आडवी आली की काही समजत नाही.

तशाच पालथ्या स्थितीत दुसरी टेस्ट करून टाका, दहा सेकंदांचं काम आहे. दोन्ही गुडघे काटकोनात वाकवायला सांगा, तळपाय छताकडं. चांगलं पाऊल थोडं वर टोकदार राहतं, तुटलेलं पाऊल आडवं पडतं किंवा नडगीकडं झुकतं. ही मॅटल्स टेस्ट. मला ही आवडते कारण यात पेशंटच्या पायाला हातच लावायचा नाही, दुखेल म्हणून तो आखडत नाही, आणि नातेवाईकांना मागं उभं करून दाखवता येतं. "पाहा, दोन्ही पायांत फरक दिसतो का?" दिसतो. मग पुढच्या खर्चाचं बोलणं सोपं जातं.

तिसरं म्हणजे बोटानं फट शोधणं. टाचेच्या हाडापासून बोट वर वर सरकवत न्या, दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात, रक्तपुरवठा कमी असलेला भाग तोच आणि तुटतेही जास्त करून तिथंच. ताजी असेल, चोवीस तासांच्या आतली, तर बोट खड्ड्यात गेल्यासारखं आत जातं. पण दोन दिवसांनी त्या खड्ड्यात रक्त साचतं, सूज भरते, आणि फट गायब. म्हणून फट लागली नाही याचा अर्थ मी काहीच काढत नाही. निकोला माफुली नावाचे सर्जन आहेत, त्यांनी १९९८ साली या टेस्टांची मोजणी छापली होती. खरोखर फाटलेल्या १०० पायांत पोटरी दाबायची टेस्ट ९६ पकडते, मॅटल्स ८८, आणि बोटानं फट शोधणं ७३. आपल्याला हातानं चाचपायची सवय असते म्हणून आपण फटीवर जास्त विसंबतो, आणि तीच सगळ्यात कच्ची. अमेरिकेतल्या हाडांच्या सर्जनांच्या अकॅडमीच्या २००९ सालच्या गाइडलाइननं तर सांगितलं की पोटरी दाबल्यावर पाऊल न हलणं, खाली दाबायचा जोर कमी, फट लागणं आणि पाऊल वर जास्त वळणं, या चारांतल्या दोन गोष्टी असल्या तरी निदान पक्कं धरा. या चारांत एमआरआय कुठंच नाही.

बीपीच्या कफचीही एक टेस्ट आहे, पीएचसीवाल्यांना आवडेल म्हणून सांगतो. पेशंट पालथा, गुडघा वाकवलेला, पाऊल खाली झुकवून पोटरीला कफ बांधा, १०० पर्यंत हवा भरा, मग हातानं पाऊल नडगीकडं वळवा. टेंडन शाबूत असेल तर पोटरी ताणली जाते आणि काटा चढून १४०च्या आसपास जातो. तुटलेलं असेल तर काटा जवळपास जागचा हलत नाही. जाड पोटरीत, जिथं दाबून समजत नाही, तिथं बरी पडते. काट्याचं यंत्र पाहिजे मात्र, डिजिटलवर जमणार नाही. सुई टोचून पाहायचीही एक टेस्ट पुस्तकात आहे, ती मी करत नाही, तुम्हीही करू नका, गरज नाही.

आता एका पायावर टाच उचलणं. भिंतीला दोन बोटं टेकवून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर उभं राहून चवड्यावर चढायचं. इथं बाकीचे छोटे स्नायू उधारी देऊ शकत नाहीत, पूर्ण अंगाचं वजन उचलायला अकिलीसच पाहिजे. जुन्या, महिना-दीड महिना झालेल्या केसमध्ये हीच टेस्ट कामाची, कारण तोवर मधे कच्चा दोर तयार झालेला असतो आणि पोटरी दाबली तर पाऊल थोडं हलतंही, गुरुजींचं हललं होतं. ताज्या केसमध्ये पोटरी दाबून समजलं असेल तर उगाच उचलायला लावू नका.

आणि हे दोन निष्कर्ष एकमेकांशी लावून पाहायची सवय लावा, कारण त्यात एक गंमत आहे. पोटरी दाबता तेव्हा फक्त दोर शाबूत आहे का एवढंच तपासता, नसेचा, म्हणजे नर्व्हचा, त्यात संबंधच नाही. टाच उचलायला दोर पाहिजे, स्नायू पाहिजे आणि कमरेतून येणारी एस-वन नर्व्हही पाहिजे. तर पोटरी दाबल्यावर पाऊल मस्त हलतं पण टाच उचलता येत नाही आणि टाचेमागं फारसं दुखतही नाही, असा पेशंट दिसला की वर कमरेकडं जा. घोट्याचा जर्क पाहा, म्हणजे हातोडीनं टेंडन ठोकल्यावर पाऊल उडतं का ते, पाय सरळ वर उचलून पाहा, बाहेरच्या कडेला बधिरपणा विचारा. आपल्याकडं सोयाबीन कापणीच्या हंगामात कमरेचे पेशंट किती येतात ते तुम्हाला माहीतच आहे, त्यातला एखादा "टाचेत ताकद नाही" म्हणूनच येतो. आणि लोक सगळ्यालाच नस म्हणतात, दोरीलाही नस, नर्व्हलाही नस, रक्तवाहिनीलाही नस, त्यामुळं "नस दुखते" या वाक्यावर काहीच ठरवायचं नाही, एका बोटानं जागा दाखवायला लावायची.

काकांचा एक्सरे तुमच्याकडं आहे म्हणता तर तोही परत काढून खिडकीशी धरा. बाजूच्या फोटोत अकिलीसच्या पुढं चरबीचा काळा त्रिकोण दिसतो, केगरचा त्रिकोण म्हणतात, कडा स्वच्छ असतात. टेंडन फाटलं की तो धुरकट होतो, मागची कड तुटल्यासारखी दिसते. टाचेच्या हाडाचा मागचा तुकडाच उपटून वर गेला आहे का तेही पाहा, म्हाताऱ्या हाडात तसं होतं, आणि तो तुकडा आतून कातडीवर दाबत असेल तर त्याच दिवशी पाठवायचं, कातडी मरते.

निदान झालं तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, गावात चोळून नस बसवून देणारे असतील त्यांच्याकडं जाऊ नका असं स्पष्ट सांगायचं. बोटं खाली झुकलेल्या स्थितीत गुडघ्याखाली मागचा प्लास्टर स्लॅब घालायचा, वजन टाकू द्यायचं नाही आणि हाडाच्या डॉक्टरकडं दोन-चार दिवसांत पोचवायचं. ऑपरेशनच लागतं असं नाही, लवकर आला आणि पाय झुकवल्यावर टोकं जवळ येत असतील तर नुसत्या प्लास्टर-बुटावरही जुळतं, पण ते ठरवायला वेळ हातात पाहिजे.

आता तो भरतीवाला पोरगा. हे गिऱ्हाईक आपल्याकडं बारमाही. जाहिरात निघाली की पोरं पहाटे साडेचारला डांबरी रोडवर, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, आणि महिन्यात वेळ बसवायची म्हणून पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर. त्यात बुटाचा सोल चपटा. तपासायच्या आधी त्याला चार प्रश्न विचारा: पळणं कधीपासून वाढवलं, सकाळची पहिली पावलं कशी पडतात, पळताना सुरुवातीला दुखून मधे कमी होऊन नंतर परत दुखतं का, आणि बूट कुठं आहेत. बूट आणायलाच लावा. मागची कड आतून घासलेली असेल तर दुखणं टाचेच्या हाडाजवळचं निघतं, बऱ्याचदा.

मग एक बोट. "हाताचा पंजा नको ठेवू, एका बोटानं दाखव." हाडापासून तीन-चार बोटं वर दाखवलं आणि तुम्ही टेंडन दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबलं की तोच चेहरा करतो, तर ते मधल्या भागाचं टेंडन दुखणं, आणि खरं सांगू, निदान तिथंच झालं. उगाच सगळ्या टेस्टा करायची गरज नसते. पण गाठ लागत असेल तर एक करून पाहा. गाठीवर बोट ठेवा आणि पाऊल वर-खाली हलवायला सांगा. गाठ बोटाखालून सरकत गेली तर ती टेंडनच्या आतली, जागीच राहिली तर वरच्या आवरणाची. आवरणाला सूज असेल तर बोटाखाली करकर लागते, नवीन कोल्हापुरी चपलेसारखी. दुसरी, सगळ्यात दुखरी जागा शोधा, मग पाऊल पूर्ण नडगीकडं वळवून तिथंच परत दाबा. दुखणं एकदम कमी झालं तर टेंडनचंच. याला रॉयल लंडन हॉस्पिटल टेस्ट म्हणतात. माफुलींच्याच २००३ च्या एका लहान अभ्यासात ही टेस्ट खऱ्या रुग्णांपैकी जेमतेम ५४ टक्के पकडत होती, पण नसलेल्यांना ९१ टक्के वेळा बरोबर सोडून देत होती. म्हणजे आली तर धरा, नाही आली म्हणून पोराला "तुला काही झालं नाही, पळ" सांगू नका.

दाबून फारसं दुखत नाही पण पोरगा पळताना दुखतं म्हणतो, असंही होतं. तेव्हा टेंडनवर ओझं टाकूनच पाहावं लागतं. आधी दोन पायांवर टाचा उचल, मग एका पायावर, मोजत जा, चांगल्या पायावर पंचवीसपर्यंत जातो आणि दुखऱ्यावर अकरावर थांबतो, हा आकडा कागदावर लिहून ठेवा, सहा आठवड्यांनी तोच आकडा बोलेल. त्यातही नाही दुखलं तर एका पायावर जागच्या जागी उड्या. पोटरी दाबायची टेस्ट साफ असल्याशिवाय उड्या मारायला लावायच्या नाहीत, हा क्रम कधी उलटा करू नका.

दुखणं अगदी हाडावरच असेल तर गोष्ट वेगळी. तिथं टेंडन चिकटतं, त्याच्या पुढं एक छोटी पाण्याची पिशवी असते, आणि काहींच्या हाडाला मागून वर टेंगूळ असतं, हॅगलंडचं. टेंडनच्या पुढच्या खाचेत दोन्ही बाजूंनी दोन बोटं घालून दाबलं आणि दुखलं तर पिशवी सुजली, मागून मधोमध हाडावर दाबल्यावर दुखलं तर टेंडनची चिकटायची जागा. हा फरक कामाचा आहे कारण हाडावरच्या दुखण्यात पाऊल पूर्ण वर वळवलं की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि जास्त दुखतं. आपण सगळ्यांना पायरीवर टाच खाली सोडून ताणायचा व्यायाम देतो, याला दिला की आठ दिवसांत शिव्या देत परत येतो. याला सपाट जमिनीवरच करू द्या आणि टाचेखाली जाडसर टाचपट्टी. मधल्या भागाच्या दुखण्याला मात्र तो पायरीवरचा व्यायाम चालतो, स्वीडनच्या अल्फ्रेडसननं १९९८ साली सांगितलेला, १५ चे तीन सेट, गुडघा सरळ आणि गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पोरगं बारा आठवडे करत नाही ही वेगळी गोष्ट.

बारा-तेरा वर्षांचं पोर असेल तर टेंडनला दोष देऊ नका, टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी दाबा, वाढीच्या चकतीचं दुखणं असतं, वाढ संपली की जातं. वीस-पंचविशीतला पोरगा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेला, दोन्ही टाचा, वरून कंबर पहाटे दुखून जाग येते म्हणतो, तर ते पळण्याचं नाही, स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याच्या सांध्यांची सूज, डोक्यात आणा, कातडीवर सोरायसिस शोधा. दोन्ही टेंडन जाड, गाठाळ, आणि फारसे दुखत नाहीत, घरात कोणी चाळिशीत हार्टनं गेलेलं, तर कोलेस्टेरॉल करा, ती चरबीची गाठ असते. पोटरीच्या आतल्या बाजूला वर, टेंडनपासून दूर, "तट" असा आवाज आला आणि नंतर खाली काळं-निळं उतरलं, तर स्नायू फाटला, टेंडन नाही. पूर्ण पाय सुजला, पोटरी गरम, ताणलेली, तर रक्ताची गुठळी, तिथं पोटरी दाबादाबी करत बसू नका, डॉपलरला, म्हणजे रक्तवाहिनीच्या सोनोग्राफीला, पाठवा. आणि पूर्व विदर्भात असाल तर हत्तीपायाची सुरुवातीची सूजही घोट्यावरच दिसते हे विसरू नका, त्यात टेंडन मोकळं लागतं, सूज कातडीत असते.

एक प्रश्न मात्र प्रत्येकाला, म्हाताऱ्याला तर हमखास: गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कोणती गोळी घेतली? सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक औषधं टेंडन कमजोर करतात, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २००८ साली त्यावर काळ्या चौकटीतली वॉर्निंग घातली, साठीच्या वर आणि सोबत स्टेरॉइड घेत असेल तर धोका आणखी जास्त. आता आपल्याकडं काय होतं, हगवण लागली की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल, लघवीला जळजळ झाली की सिप्रो, आणि गुडघे दुखतात म्हणून कोणीतरी दिलेल्या पुडीत स्टेरॉइड, तिन्ही गोष्टी एकाच पेशंटच्या पिशवीत सापडतात. एक बाई आल्या होत्या, ६३-६४ वय, शेगावच्या पायी वारीला निघायच्या आधी पोट बिघडलं म्हणून गोळ्या घेतल्या, तिसऱ्या मुक्कामाला दोन्ही टाचांमागं दुखायला लागलं. चालून दुखलं असंच सगळे म्हणत होते. पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा दोन्ही पाकिटं निघाली, गोळीचं आणि पुडीचं. वेळेवर थांबवलं म्हणून तुटलं नाही, चार महिने लागले बरं व्हायला. म्हणून गोळ्यांचं नाव विचारू नका, नाव कोणाला माहीत नसतं, पिशवी आणायला सांगा. आणि टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं नाही, पेशंट कितीही म्हणो की "मांगच्या डॉक्टरनं एक सुई देल्ली होती, लय आराम पडला."

सोनोग्राफी कधी करायची, तर हातानं दोन टेस्टा एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा, किंवा जुनी केस आहे आणि टोकं किती दूर गेली ते ऑपरेशन करणाऱ्याला पाहिजे तेव्हा. जिल्ह्याला होऊन जाते, एमआरआयच्या मानानं पैसेही कमी.

तर काकांना बोलवा. बायकोला किंवा पोराला सोबत आणायला सांगा, म्हणजे मॅटल्स त्यांनाही दिसेल. दोन्ही पोटऱ्या दाबा, चांगली आधी. पाऊल हललं नाही तर स्लॅब घातल्याशिवाय बसमध्ये बसवू नका, आणि ओपीडीच्या कागदावर दोन्ही पायांचं वेगवेगळं लिहा, उजवा हलला, डावा नाही, असं साध्या शब्दांत. पुढचा डॉक्टर ते वाचतो.